झाकण उघडण्यापूर्वी

मुलुंडच्या एका मोठ्या दुकानात माझा पहिला डेमो होता. डोक्यावर कंपनीची उंच पांढरी टोपी, पुढ्यात इंडक्शनची शेगडी आणि तिच्यावर मी घरून मोठ्या हौसेनं आणलेली ॲल्युमिनियमची कढई. पाच-सहा बायका आणि एक आजोबा जमले. मी बाटली उपडी केली आणि पाव तास सॉस ढवळत राहिलो. "बघा, कसा वास सुटलाय! बघा, कडेनं तेल दिसायला लागलं!" दोघी-तिघींनी मानाही डोलावल्या. मग आजोबांनी कढईला बोट लावलं आणि म्हणाले, "अहो शेफ, ही तर गार आहे."

ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा बायको, नीता, एवढंच म्हणाली, "माझी कढई परत आणलीत ना?"

तर असा मी शेफ. त्याआधीची बावीस वर्षं त्याच कंपनीच्या अंधेरीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर लक्ष ठेवत होतो. गोदाम भिवंडीला हललं आणि साहेबांनी विचारलं, "भिवंडी की डेमो?" स्वयंपाक येतो का, हे कुणीच विचारलं नाही. मी डेमो म्हणालो.

आमचा पास्ता सॉस दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असायचा. डोळ्यांसमोरच्या फळीवर परदेशी बाटल्या. खालची बाटली घ्यायला माणसाला वाकावं लागतं, आणि वाकून उचललेल्या वस्तूबद्दल त्याचं मत आधीच थोडं वाईट झालेलं असतं. ते मत अगदीच चुकीचं होतं असंही नाही. टोमॅटोची पेस्ट, पाणी, साखर, व्हिनेगर, दाटपणासाठी स्टार्च आणि नावाला ओरेगॅनो. जॅमला राग आला तर तो जसा लागेल, तशी चव.

पण इतक्या वर्षांनंतर मी ठामपणे सांगतो, स्वस्त सॉस वाईट नसतो, अर्धवट असतो. कारखान्यात त्याला शिजवतात, मुरू देत नाहीत. ते घरी करायचं, आणि कसं करायचं ते सांगायला मला नेमलेलं. म्हणजे माल आम्हीच विकायचा आणि असाच खाऊ नका हेही आम्हीच सांगायचं! लसूण ठेचून तेलात तांबूस करा. सॉस नुसता गरम करू नका, मसाला परततो तसा परता, तेल सुटेपर्यंत. आंबटपणा मारायला साखर नको, गाजर किसून घाला. पास्ता उकडलेलं खारट पाणी फेकू नका, त्यातलं दोन पळ्या वर ओता. शेवटी चमचाभर लोणी. बस, बाटली ओळखू येत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. घाटकोपरला एक बेन रोज यायच्या. कांदा नाही, लसूण नाही. मी म्हटलं हिंग घाला. त्यांनी घातला आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून आणला, तो इतका झकास होता की मी बाटलीवरचं नाव पुन्हा वाचून घेतलं. अंधेरीला एका तरुणानं सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "काका, एवढं सगळं करायचं तर मी सरळ टोमॅटोच का नाही आणायचे?" मी त्याला चवीचा आणखी एक कप दिला.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नाव विचारत नाहीत. सगळ्या बायका ताई. सोळा वर्षांची ताई, ऐंशीची ताई. "ताई, जरा चव बघा." दिवसभर तेच. काही वर्षांनी तोंडाला त्याची अशी सवय होते, की शब्द बाहेर पडतो आणि त्यात कुणी नसतं.

ती बाई मुलुंडच्याच दुकानात आली. दुपारी तीनला मोठी दुकानं अगदी ओस असतात. एसीची घरघर, फ्रीजरमधला पांढरा उजेड, लांब कुठे तरी एकाच ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक. मी गाजर किसत होतो. मान वर केली, तर ती उभी होती. टेबलासमोर नव्हे, टेबलाच्या माझ्या बाजूला. सत्तरीची असेल. फिकट सुती साडी, अनवाणी पाय. ती आलेली मला ऐकूच आली नव्हती.

"ताई, जरा चव बघा," मी म्हणालो.

तिनं कपाकडे बघितलंही नाही. "नंदू, जाळ कमी कर."

माझं नाव नंदू नाही. पण तिचा आवाज असा होता की मी आधी जाळ कमी केला आणि मग मला ते आठवलं.

त्या दुपारी तिनं माझ्या हातून जे करून घेतलं, ते असं. कांदा सालासकट लोखंडी तव्यावर टाकायचा, सगळीकडून काळा होईस्तोवर. साल काढून तो सुरीनं कापायचा नाही, बुक्कीनं फोडायचा. चिमूटभर बडीशेप भाजून चुरायची. दोन्ही सॉसमध्ये घालायचं. वर खोलगट ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. ते पाणी बोट भाजेल इतकं तापलं की सॉस मुरला, मग तेच पाणी हळूच आत घ्यायचं. झाकणावर पाणी ठेवणं आपल्याकडे नवीन नाही, वांग्याच्या भाजीला आईही ठेवायची. पण विलायती सॉसवर ठेवायचं मला सुचलं नसतं.

शेवटी तिनं माझ्या हातातली पळी घेतली आणि ताटलीच्या काठावर वाजवली. टक. टक. टक. मग कान झाकणाकडे करून थांबली. मीही थांबलो. कुणाच्या बंद दारापुढे उभं राहिल्यासारखं वाटलं. आतली रटरट मघाशीच बसली होती. जाळ कमी केला की ती बसतेच, हे मला कळत होतं, तरी मीही कान पुढे केला. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली आणि ताटली उचलली.

"हे कशाला, ताई?"

"विचारल्याशिवाय उघडू नये."

ती गेल्यावर मी चव घेतली. खालच्या फळीवरची बाटली, आणि चव मात्र कुणी तरी सकाळपासून आपल्यासाठी चुलीपुढे बसल्यासारखी.

त्यानंतर ती चार-पाच दुपारी आली. दर वेळी नंदू म्हणायची. तिनं स्वतः एकदाही चव घेतली नाही. मी तिला कुठे राहता, कुणाबरोबर आलात, चपला कुठे आहेत, काहीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच विसरलो होतो. माझी सगळी हुशारी तिची युक्ती पाठ करण्यात लागली होती.

पुढे माझी ड्यूटी बोरिवलीला लागली. मी युक्ती घेऊन गेलो, टकटकीसकट. खरं म्हणजे टकटकच जास्त चालली! तीनदा वाजवायचं, ओठावर बोट ठेवून थांबायचं, लोक आपोआप गोळा व्हायचे. साळवीसाहेब, आमचे एरिया मॅनेजर, बेहद्द खूश झाले. "यार, हे पत्रकावर छापू. तुझा फोटो, खाली 'आमच्या शेफची खास पद्धत'."

फोटोच्या दिवशी मी वाजवलं. टक, टक, टक. आणि साबणांच्या रांगेतून एक तिशीची मुलगी धावत आली, हातात डिटर्जंटची पिशवी तशीच. "आई?" असं ती म्हणाली. मला बघितलं, टोपी बघितली, आणि तिचा चेहरा उतरला. मग तिनं न विचारता कप उचलून चव घेतली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

साळवी शेजारी उभे. कॅमेरा माझ्यावर. मी म्हणालो, "माझीच पद्धत आहे, ताई. किती तरी वर्षं करतोय."

"नक्की? प्लीज, आठवून सांगा ना. माझी आई हे अस्संच करते. दोन वर्षं झाली, जोगेश्वरीहून दूध आणायला म्हणून निघाली ती सापडत नाहीये. तिला विसरायला होतं."

आता तरी बोलायचं. शब्द तोंडाशी आला होता. पण आधीचं खोटं ताजं होतं, आणि साळवी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "योगायोग असेल हो."

"सॉरी," ती म्हणाली आणि गेली. बिचारी, सॉरी तिनं म्हणावं!

घरी मी जेवलो नाही. नीतानं दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या मुलीचं नाव विचारलंत?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आता उभे राहा तिथेच, ती येईपर्यंत."

मी साळवींकडून बोरिवलीच मागून घेतली. दर शनिवारी वाजवायचो आणि साबणांच्या रांगेकडे बघायचो. कुणी यायचं नाही. तिसऱ्या शनिवारी बिस्किटांच्या फळीमागे ओढणीचा काठ दिसला. मी टोपी काढून तिथे गेलो. ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती.

"दर शनिवारी येते मी," डोळे न उघडताच ती म्हणाली. "काही घेत नाही. फक्त आवाज ऐकते."

"ताई, मी खोटं बोललो. मला एका बाईंनी शिकवलं. मुलुंडला. त्या मला नंदू म्हणायच्या."

तिनं डोळे उघडले. आधी पांढरी पडली, मग लाल. "तीन आठवडे? तीन आठवडे तुम्ही हे खिशात घालून फिरताय?" सगळं दुकान बघत होतं. मी ऐकून घेतलं. त्यातलं एकही वाक्य जास्तीचं नव्हतं.

तिचं नाव मानसी. दुसऱ्या दिवशी दिंडोशीहून आम्ही मुलुंडची बस धरली. पवईपर्यंत ती तिकिटाची घडी घालत-उलगडत बसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नंदू माझा मामा. मी बघितलेला नाही. सात वर्षांचा होता, आई बारा-तेराची. गावी लपाछपी खेळताना तो भाताच्या पिंपात लपला. पत्र्याचं मोठं पिंप, वरून कडी होती. कुणी तरी जाता-जाता घातली. आईवर राज्य होतं. तिनं सगळं घर शोधलं, त्या पिंपावरून दोनदा गेली. वाजवून बघितलं नाही."

बस सिग्नलला थांबली होती.

"तेव्हापासून ती कुठलंही झाकण वाजवल्याशिवाय उघडत नाही. कुकर, डबा, लोणच्याची बरणी, काहीही. वाजवते आणि थांबते. गावची भाषाही तिनं तेव्हापासून टाकली. आमच्याशी आयुष्यात कधी मालवणी बोलली नाही. तुम्ही ते लोकांना जमवायला वाजवत होतात ना?"

मी होय म्हणालो.

मुलुंडच्या दुकानाच्या वॉचमननं लगेच ओळखलं. "वो नंदूवाली माँजी? पीछे आश्रम में रहती है. दोपहर को निकल आती थी, अभी गेट बंद रखते हैं."

मागच्याच गल्लीत निराधार बायकांचा छोटा आश्रम होता. तिथल्या बाईंनी रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वी कुणी तरी रस्त्यावरून आणून सोडलेली. नाव विचारलं की एकच सांगायची, 'नंदूची ताई'. तेच लिहिलेलं. मानसीनं ज्या नावानं सगळीकडे तक्रारी केल्या होत्या, ते सुलभा हे नाव तिथे कुठेच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ती लसूण सोलत होती. मानसी तिच्यापुढे मटकन बसली. "आई. आई गं. मी मानू."

तिनं सभ्यपणे बघितलं. "बसा हं, ताई." मग वर माझ्याकडे बघून म्हणाली, "किती उशीर केलास रे?"

मानसीनं फोटो दाखवले, लहानपणीचं गाणं म्हटलं, शेवटी हात धरून उठवायला गेली. तर तिनं दाराची चौकट अशी घट्ट धरली आणि अशी ओरडली, की आतल्या बायका धावत आल्या. आश्रमाच्या बाई हळूच म्हणाल्या, "तुमचे कागद सगळे बरोबर आहेत. पण त्यांची इच्छा नसताना ओढत नाही नेता येणार हो. असं झालं तर त्या जेवण सोडतात, चार-चार दिवस." मानसी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दोन वर्षं शोधलेली आई हातभर अंतरावर होती आणि आईला लेक नको होती.

मला जे एकच येतं ते मी केलं. पिशवीत बाटली होती, कांदा होता. गॅसवर तवा ठेवला. कांदा जळायला लागला तशी सुलभाताई चौकट सोडून आत आली. बुक्की तिनंच मारली. बडीशेप तिनंच चुरली. ताटलीत पाणी ओतलं. आम्ही तिघं शेगडीपुढे उभे. दुपारचे तीन वाजले असतील, खिडकीतून ऊन थेट ओट्यावर पडलं होतं.

पाणी तापलं. तिनं पळी घेतली. टक. टक. टक. कान लावून थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. आतली रटरट बसली. मग झाकणाकडेच बघत हलक्या आवाजात म्हणाली, "आज तरी बोल."

आणि मी बोललो. म्हणजे माझं तोंड उघडलं, एवढं नक्की. "गो ताय, चल घराक. हय काळोख आसा."

उन्हात उभा राहून मी हे म्हणालो. ऐकलं तेव्हा मला कळलं की म्हणालो. मानसीनं झटकन माझ्याकडे वळून बघितलं.

सुलभाताईनं ताटली उचलली. वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला, तिनं डोळे मिटले नाहीत. "इलंय रे," ती म्हणाली. आले रे. साठ वर्षांत पहिल्यांदा गावच्या भाषेत. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि दाराकडे चालायला लागली. रिक्षात मानसीच्या शेजारी बसली. मानसीनं बिचकत हात पुढे केला, तो तिनं मांडीवर ओढून घेतला. लेक म्हणून की रिक्षा हलतेय म्हणून, देव जाणे. पण घरी पोचेपर्यंत सोडला नाही, असं मानसीनं नंतर सांगितलं. आई अजूनही तिला ताईच म्हणते. पण जेवते, झोपते, आणि घरातले सगळे डबे वाजवते.

मी मात्र पुन्हा वाजवलेलं नाही. साळवींना सांगून बघितलं, पत्रकातून ते तेवढं काढा. "वेडा आहेस का? तेच तर चालतंय!" पत्रकं कधीच वाटून झाली होती. आता कधी संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यानं चढताना कुणाच्या तरी बंद दारामागून तीन टकटकी ऐकू येतात, आणि मग ती शांतता. मी पायरीवरच थांबतो. ताटली पडल्याचा, कुणी हसल्याचा आवाज आला की पुढे चढतो.

त्या दिवशी घरी आलो आणि नीताला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "एक खोटं निस्तरायला दुसरं बोललो बघ. मेलेल्या पोराचं सोंग घेतलं. बरोबर केलं का, कळत नाही."

ती भाकऱ्या करत होती. "काय म्हणालात, ते पुन्हा सांगा?"

मी मराठीत सांगितलं, की ताई, घरी चल, इथे अंधार आहे.

"तसं नाही. जसं म्हणालात तसं."

नीताचं माहेर कुडाळचं, मी नाशिकचा. चोवीस वर्षं सासुरवाडीला जातोय आणि चोवीस वर्षं तिचे भाऊ माझ्या तोंडून मालवणी ऐकून पोट धरून हसतायत. दर सुट्टीत मला बोलायला लावतात. आजवर मला त्यातलं एक वाक्य धड म्हणता आलेलं नाही. मी म्हटलं, अगं, मुंबईत राहून चार शब्द कानावर पडतातच की. आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पहिला शब्द आला. पुढचा येईना. जीभ अडखळली, तिच्या भावांपुढे अडखळते तशीच. मी पुन्हा सुरुवात केली.

नीतानं पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवला. "नको," ती म्हणाली. "राहू दे. ज्याला बोलायचं होतं, तो बोलून गेला."